डाव्या गालावरचा तीळ

“हिला काय विचारता भाऊ, हिला आठवतं ते नेमकं उलटं असतं,” असं म्हणून त्र्यंबकराव स्वतःच खो खो हसले, आणि सुमतीच्या हातातला ट्रे जरासा कलला. चहा बशीत सांडला. एरवी तिनं आत जाऊन बशी पुसून आणली असती, पण आज म्हटलं, राहू दे. पिऊ देत बशीतूनच. भाऊ हे गल्लीतल्या गणेशोत्सवाचे कार्यवाह. यंदा जुना मूकपट दाखवायचा असं मंडळानं ठरवलं होतं. मिस इंदुलेखाच्या एका चित्राची दोन रिळं कुण्या विक्रेत्याच्या गोदामात सापडली होती, बाकीची विरून गेली होती. त्या चित्राविषयी दोन शब्द बोला म्हणून विनंती करायला ते आले होते, आणि केवळ सभ्यपणानं त्यांनी तिलाही विचारलं होतं, “वहिनी, तुम्ही पाहिलंय का हो हिचं काही?” ती म्हणाली, “हो, हेच पाहिलंय. कल्याणला, लहान असताना. हिच्या डाव्या गालावर तीळ होता.” झालं. त्र्यंबकरावांना तेवढंच पुरलं. “उजव्या!” ते म्हणाले. “उजव्या गालावर. डाव्या नव्हे.” आणि मग ते उलटं आठवण्याचं वाक्य. भाऊ कसनुसे हसले आणि बशीतला चहा त्यांनी खरंच फुर्र करून प्यायला.

लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत दिवसभर खाली मान घालून बसणारे त्र्यंबकराव संध्याकाळी नौपाड्यात आले की मूकपटांवरचा शेवटचा शब्द होत. कोणती नटी कोणत्या कंपनीत कधी गेली, कोणत्या नटाचा आवाज बोलपटात फाटला आणि तो कायमचा घरी बसला, घोड्यावरून पडल्यावर कुणी किती दिवस लंगडत काम केलं, सगळं तोंडपाठ. भाजी आणायला सांगितली तर पिशवी विसरत, पण तीस सालच्या कुठल्याशा चित्रातल्या खलनायकाच्या मिशा खऱ्या की चिकटवलेल्या हे ते कधी विसरले नाहीत. ते गिरगावात वाढलेले. तिथं थेटरात, पडद्यासमोर, खुर्चीवर बसून त्यांनी सगळं पाहिलेलं. त्यामुळे ते जे म्हणतील ते प्रमाण. सुमतीनं एकदा म्हटलं होतं की इंदुलेखा पदर उजव्या खांद्यावर घ्यायची, आम्हाला वाटायचं गुजराथी असेल. त्यावर त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. नऊवारी नेसणारी बाई, आणि पदर उजव्या खांद्यावर! आणखी एकदा ती म्हणाली की देवाला नैवेद्य दाखवताना तिनं डावा हात वापरला म्हणून बायका हळहळल्या होत्या. तेही त्यांनी कचेरीत सांगितलं, मग तिच्या नणंदेकडे, मग नणंदेच्या व्याह्यांकडे. घरात पाहुणा आला की लाडूच्या पाठोपाठ सुमतीची ही आठवण बाहेर यायची. आता मुलगी हेमाही चौदा वर्षांची झाली होती आणि तीही शिकली होती. परवा सुमतीनं किल्ल्या कुठंतरी ठेवल्या आणि सापडेनात, तर पोरगी म्हणाली, “आई, तू म्हणतेस ना फडताळात, मग नक्की गादीखाली असतील.” किल्ल्या फडताळातच होत्या. पण ते कुणाच्या लक्षात राहणार?

वैताग तिळाचा नव्हता. इंदुलेखाच्या गालावर तीळ असो की फोड असो, सुमतीला काय करायचं होतं? पण तो तीळ एकटा नव्हता, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या पलीकडे आई होती. सुमतीच्या आईच्या गालावर अगदी तसाच तीळ होता. आईचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं असं आत्याचं मत, म्हणून कधी काढला नाही, आणि तरीही आयुष्य घटायचं ते घटलंच. सुमती सात वर्षांची असताना बाळंतपणाच्या तापात आई गेली. पुढे लग्नात माहेरचं गोदू हे नावही गेलं, तांदळात अंगठीनं सुमती लिहिलं गेलं, आणि आईनं ज्या नावानं हाक मारली असती ते नाव घ्यायलाही सासरी कुणी नव्हतं. राहिला तो एक चेहरा, आणि तोही सगळा नाही. नाक कसं होतं ते आता सांगता येत नाही. डोळे कधी आत्यासारखे वाटतात, कधी आरशातल्या आपल्याच डोळ्यांसारखे. मात्र डाव्या गालावरचा तीळ पक्का होता. भिंतीतल्या खुंटीसारखा. त्याला बाकीचा चेहरा अडकवून ठेवलेला होता.

तो पक्का का होता, तर तंबूमुळे. कल्याणला तळ्याकाठच्या मैदानात थंडीच्या दिवसांत तंबू यायचा. तंबूच्या मधोमध पडदा टांगलेला. अलीकडे यंत्र आणि पुरुषमंडळी, पलीकडे बायका. गरतीच्या बायकांनी पुरुषांत बसायचं नाही, म्हणून पडद्याच्या मागच्या अंगाला सतरंज्या टाकलेल्या असत. खेळ सुरू होण्याआधी एक माणूस बादली घेऊन यायचा आणि पडद्यावर सपासप पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र आरपार दिसतं. ते थेंब अंगावर उडायचे, पोरं किंचाळायची, आणि मग ओल्या कापडाचा, घासलेटाचा आणि बायकांच्या डोक्यातल्या शेवंतीचा मिळून एक वास यायचा. मधूनच अक्षरं यायची. ती कुणालाच वाचता यायची नाहीत. “इंग्रजी असतील,” आत्या म्हणायची. आईला अक्षरओळख नव्हतीच, आणि गोदू अजून पाटीवर गमभन गिरवत होती. पुरुषांच्या बाजूनं तंबूवाल्याचा माणूस ती अक्षरं ओरडून वाचून दाखवायचा, आणि नटी काय बोलली ते त्याच्या घोगऱ्या आवाजात पडद्यावरून बायकांकडे यायचं. तिथंच पहिल्यांदा इंदुलेखा मान वळवून हसली होती, चेहरा अख्खा पडद्याएवढा झाला होता, आणि शेजारची काकू केवढ्यानं म्हणाली होती, “अगो बाई, हिला बघा नि तिला बघा! तोच तीळ नि तोच गाल!” सगळ्या बायका वळून आईकडे बघायला लागल्या. आईनं पदरानं गाल झाकला आणि ती हसली. घरात ती फारशी हसत नसे. गोदू तिच्या डाव्या बाजूला बसली होती, त्यामुळे तो तीळ, तो पदर आणि ते हसू हातभर अंतरावरून तिनं पाहिलं. पडद्यावरचा उजेड आईच्या गालावर हलत होता. बस्स, एवढीच काय ती आई. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती गेली.

हे सगळं ती नव्या नवरीच्या लाजेनं त्र्यंबकरावांना सांगणार होती. पहिल्या वर्षी, एकदा जेवणं झाल्यावर, पान लावता लावता. सुरुवात तिनं इंदुलेखापासून केली, कारण नवऱ्याला त्यात गोडी आहे हे कळलं होतं. “तिच्या डाव्या गालावर तीळ होता ना, तर माझ्या आईच्या…” एवढं म्हणेपर्यंत ते म्हणाले, “उजव्या.” ती थांबली. ते उठले, ट्रंक उघडून एक जुना अंक काढून आणला आणि छापील चित्रावर बोट ठेवलं. इंदुलेखा हसत होती. तीळ उजव्या गालावर होता. काळा, ठळक, वाद घालायला जागाच नाही असा. ते विजयी मुद्रेनं पान खाऊ लागले, आणि आईचं जे सांगायचं होतं ते घशाशी आलेलं पुन्हा खाली गेलं. नंतर ते कधी वर आलंच नाही. आलं ते फक्त हट्ट म्हणून. दर वेळी ती म्हणायची “डाव्या”, दर वेळी ते म्हणायचे “उजव्या”, आणि लोकांना वाटायचं, काय ही बाई, पुरावा समोर असून हेका सोडत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिलाही कळत होतं की हे हात दाखवून अवलक्षण आहे. पण एकदा का आपण “उजव्या” म्हटलं, की तोच तीळ नि तोच गाल म्हणणारी काकू आईचाही तीळ उचलून उजवीकडे ठेवणार. मग आपण आईच्या डाव्या बाजूला बसलो होतो ते खोटं. मग तीळ आपल्याला दिसलाच नसणार, कुणी सांगितलं असेल. मग ते हसूही कुणी सांगितलेलं.

अलीकडे तर फारच झालं होतं. वेणी घालताना आरशात बघता बघता ती आईचा चेहरा आठवायला जायची, आणि तीळ माशीसारखा या गालावरून उडून त्या गालावर बसायचा. हाकलला की परत इकडे. गेल्या महिन्यात ती मुद्दाम डोंबिवलीला दादाकडे जाऊन आली. वडील नि आत्या कधीच गेले होते. दादा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याला आठवायलाच हवं. त्यानं नवीन घर बांधायला काढलं होतं, विटांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून तो गवंड्यावर ओरडत बसला होता. तिनं विचारलं, “दादा, आईचा तीळ कुठल्या गालावर होता रे?” तो म्हणाला, “तीळ? आईला तीळ होता?” आणि मग बहिणीचं तोंड बघून म्हणाला, “असेल बुवा. मला नाही आठवत. तू चहा घेतेस ना?” तिनं चहा घेतला. परत येताना हातातलं तिकीट तिनं वाकवून वाकवून पार मोडलं होतं, आणि स्टेशनात तिकीट मागणाऱ्यासमोर ते तुकडे जुळवत उभं राहावं लागलं. मागच्या माणसांची चुळबुळ ऐकताना तिला त्र्यंबकरावांचा राग आला, दादाचा आला, आत्याच्या त्या फोटो न काढण्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आता जगात आईला पाहिलेलं आणि लक्षात ठेवणारं माणूस आपण एकटेच, आणि आपल्याला आठवतं ते उलटं असतं.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी आरती आटोपली आणि गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंना पडदा बांधला गेला. पडदा म्हणजे तीन धोतरं एकाला एक शिवलेली. समोर रहिवाशांसाठी सतरंज्या, सभासदांसाठी खुर्च्या. हेमानं आईसाठी पुढची जागा धरली होती, त्यामुळे सुमतीला मागे कुठं लपताही येईना. त्र्यंबकरावांनी ठेवणीतला कोट चढवला होता. कर्ण्यातून त्यांचा आवाज आला तो घरातल्यापेक्षा दुप्पट खात्रीचा. इंदुलेखाचं घराणं, तिची पहिली कंपनी, बोलपट आल्यावर तिचं विजनवासात जाणं, सगळं झालं. मग ते थांबले, हसले. ते हसू सुमतीला माहीत होतं. “आता या तिळाविषयी,” ते म्हणाले, “आमच्या घरी गेली कित्येक वर्षं एक खटला चालू आहे. वादी आमची मंडळी. त्यांचं म्हणणं, तीळ डाव्या गालावर. पदर उजव्या खांद्यावर. आणि नैवेद्य डाव्या हातानं! आज सबंध गल्लीच्या साक्षीनं निकाल लागेल.” गल्ली हसली. कुणी टाळ्याही वाजवल्या. पलीकडच्या खुर्चीवरून भाऊ तिच्याकडे बघून मान हलवत होते, जणू तिचा सत्कारच चाललाय. ती उठली. हेमा तिचा पदर ओढत कुजबुजली, “आई, बस ना गं, बाबा गंमत करताहेत.” सुमती म्हणाली, “कळली गंमत,” आणि चालू लागली. तिला ते बघायचंच नव्हतं. छापील चित्राशी वाद घालता येत होता, छपाई वाईट म्हणता येत होती. पण हलत्या, हसत्या इंदुलेखानं उजवा गाल पुढे केला तर मग संपलं. इथून उठायचं, घरी जायचं, दार लावून कुकर चढवायचा. आई जशी आहे तशी, अर्धीमुर्धी, घरी घेऊन जायची.

घर पडद्याच्या मागच्या बाजूला होतं. बांबूला वळसा घालून ती पलीकडे गेली, तर तिथंही माणसं. मिठागरांच्या बाजूच्या वस्तीतून आलेली, कामकरी, बायकाच जास्त, जमिनीवर पोती अंथरून बसलेली. पुढे त्यांना कोण बसू देणार? त्यांच्यात तिच्याकडे भांडी घासणारी हौसाबाई होती. “या गो वैनी,” ती म्हणाली, “बसा आमचे बाजूला. पुढं काय जागा हाय?” सुमती म्हणणार होती की नको, मी घरी चालले आहे. तेवढ्यात एका बाईनं नळावरची बादली आणली आणि ओंजळी भरभरून पडद्यावर पाणी मारलं. “पानी मारला का साफ दिसतंय,” हौसाबाईनं समजावलं, सुमतीला जणू काही माहीतच नाही अशा थाटात. चार थेंब सुमतीच्या तोंडावर उडाले. ओल्या कापडाचा वास आला. पलीकडे यंत्र घरघरू लागलं आणि ती हौसाबाईशेजारी पोत्यावर बसली.

आधी अक्षरं आली. मोठी, पांढरी, आणि वाचता येईनात. आत्याचा आवाज आला, इंग्रजी असतील. पण सुमती आता पाटीवर गिरवणारी गोदू नव्हती. तिनं डोळे बारीक केले आणि उजवीकडून डावीकडे एक एक अक्षर लावलं. शुद्ध मराठी होतं. पाठमोरं मराठी. आणि मग इंदुलेखा देवघरात आली, उजव्या खांद्यावर पदर घेतलेली, आणि डाव्या हातानं तिनं देवापुढे वाटी ठेवली. “डावरी हाय का गो ही?” मागची एक बाई म्हणाली. पडद्याच्या पलीकडे गल्ली एकदम हसली. त्यांना उजवा हात दिसला होता. इंदुलेखानं मान वळवली, चेहरा मोठा होत होत धोतरांच्या शिवणींवर पसरला, आणि ती हसली. तीळ डाव्या गालावर होता. पलीकडून मोठा गलका उठला, “उजवा! उजवा!” कुणीतरी शिट्टीही मारली. सुमतीनं तोंडावर हात दाबला. रडू येत होतं की हसू ते तिचं तिलाही कळेना. पडद्यावरच्या बाईकडे बघणं तिनं सोडूनच दिलं होतं. ती आपल्या उजव्या हाताला बघत होती, जिथं हौसाबाई बसली होती, आणि जिथं हातभर अंतरावर, हलत्या उजेडात, आई बसली होती. तीळ डाव्या गालावर. माशीसारखा उडत नव्हता. पदर वर गेला, गाल झाकला, आणि पदरामागे आई हसली. नाकही दिसलं. बसकं होतं थोडं. हेमाचं आहे तसं.

आनंद पुरता होतो न होतो तोच तिचा संताप संताप झाला. एवढीच गोष्ट! एका धोतराच्या जाडीएवढी. इतक्या वर्षांत या माणसाला इंदुलेखाची कंपनी विचारली असती तर सांगितली असती, कॅमेरावाल्याचं नाव सांगितलं असतं, पण तू कुठं बसली होतीस गं, एवढं एक त्यांना कधी सुचलं नाही. आणि मलाही सांगायला सुचलं नाही. मला वाटायचं, सगळीकडे बायका तिथंच बसतात, यात सांगायचं काय?

“अगं, तू इथं काय करतेस?” त्र्यंबकराव बांबूला वळसा घालून आले होते. कोटावर मंडळाचा बिल्ला, चेहऱ्यावर निकालाचा घाम. “उठून काय गेलीस? पाहिलास की नाही? उजवा! सगळ्यांनी पाहिला.”

“बसा,” सुमती म्हणाली.

“इथं? अगं खुर्ची आहे माझी तिकडे.”

“बसा म्हणते ना.”

तिचा हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते कोट सावरत पोत्याच्या कडेला टेकले. हौसाबाई पदर नीट करून पलीकडे सरकली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा अक्षरं आली ती वाचायला गेले आणि वैतागले. “इथून काय दिसणार? सगळं उलटं दिसतंय.”

“हो,” सुमती म्हणाली. “आम्हाला इथूनच दाखवायचे.”

पडद्यावर इंदुलेखा पुन्हा आली. या वेळी ती रडत होती, आणि एक थेंब तिळाला वळसा घालून खाली गेला. त्र्यंबकराव बघत राहिले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला, एकदा या, एकदा त्या. मग त्यांना सवयीनं बोलायची सुरसुरी आली. “म्हणजे, वस्तुतः बघायला गेलं तर तीळ उजव्याच…”

“गप्प बसा हो जरा,” ती म्हणाली. “इंदुलेखाचा कुठंही असू द्या. मी माझ्या आईचं बोलतेय. पहिल्यापासून तिचंच बोलत होते.”

पलीकडे रीळ बदलायला यंत्र थांबलं आणि पडदा नुसताच पांढरा झाला. ओल्या धोतरांतून पाणी गळत होतं. त्र्यंबकराव पोत्यावर आत सरकून नीट बसले. मग अगदी हलक्या आवाजात, कर्णा नसल्यासारखं, ते म्हणाले, “आईंना तीळ होता?”

“होता,” सुमती म्हणाली. “डाव्या गालावर.”

आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.